मारुतीचा भाऊ

नरहरी सावेला खाणीवरची नोकरी मिळाली ती त्याच्या अक्षरामुळे. शिरगावला बापाची वाडी होती, केळी होती, पानवेल होती. पण पहाटे उठून पाटाचं पाणी वळवण्यात त्याचं मन रमत नव्हतं. पालघरच्या शाळेतून तो मॅट्रिक झाला होता आणि मराठीत त्याला शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. त्याला लागणारी खडी पुरवायला एका ठेकेदाराने बोईसरच्या पूर्वेला टेकडीत दगडाची खाण काढली होती. तिथले ओव्हरसियर आत्माराम गुप्ते यांनी नरहरीकडून चार ओळींचा अर्ज लिहून घेतला, कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि म्हणाले, "उद्यापासून या. निदान तुमचं लिहिलेलं वाचता तरी येतंय."

ही पासष्ट सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मार्चपर्यंत नरहरी खाणीवर रुळला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो हजेरीपट भरी, सुरुंगाच्या दारूची नोंद ठेवी आणि गुप्त्यांची पत्रं शुद्ध करून लिही. गुप्ते भुसावळकडचे, कामात कडक, लिहिण्यात कच्चे. एकदा त्यांनी तारापूरच्या साइटच्या भांडाराला चिठ्ठी पाठवली : 'मुकादम, महादू आणि भिका यांना बूट द्यावेत.' भांडाऱ्याने तीन जोड पाठवले. महादू हाच मुकादम, माणसं दोनच. तिसऱ्या जोडाचं काय करायचं म्हणून गुप्ते वैतागले, तेव्हा नरहरीने हसत चिठ्ठी पुढे ओढली.

"साहेब, 'मुकादम' नंतर तुम्ही स्वल्पविराम दिलात, म्हणून तो वेगळा माणूस झाला. 'मुकादम महादू' असं सलग लिहायचं. किंवा नाव आधी घ्यायचं असेल तर ओळख दोन स्वल्पविरामांच्या मध्ये टाकायची. 'महादू, आपला मुकादम, आणि भिका.' मग मधले शब्द महादूचेच होतात. तिसरा कुणी उभा राहत नाही."

गुप्त्यांनी ते लक्षात ठेवलं. पुढे कुठल्याही पत्रावर सही करण्याआधी ते बोट ठेवून विचारत, "सावे, इथे तुमचा तो हवा का?" नरहरीला ते ऐकायला बरं वाटे. काय म्हणायचं आहे ते विचारून तो स्वल्पविराम हवा की नको ते सांगे आणि गुप्ते मुकाट्याने ऐकत.

मार्चच्या अखेरीला एका बुधवारी सकाळी मारुती शेडच्या दारात येऊन उभा राहिला. हा कंधारकडचा. पावसाने लागोपाठ दगा दिल्यावर तिकडची बरीच माणसं कामासाठी या बाजूला उतरली होती, त्यांच्यातला एक.

"साहेब, मला दोन रोज वाळूच्या ट्रकवर जायला सांगितलंय, मासवणला. माझ्या जागी माझा भाऊ राहील. सोमवारीच आलाय गावाकडनं."

त्याच्या मागे पंचविशीचा एक सडपातळ माणूस उभा होता, डोक्याला पांढरं मुंडासं. नरहरी त्या वेळी दारूच्या नोंदीतली एक चूक शोधत होता. "बरं," म्हणून त्याने हजेरीपटात मारुतीच्या नावापुढे नेहमीसारखी खूण केली. बदली माणसाचं नाव लिहायला पटात रकाना नव्हता, त्यामुळे नाव विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठला सुरुंग उडाले. धूळ बसल्यावर महादूची टोळी कड्याखाली उतरली. वर कड्याला भेग पडली होती, पण ती खालून दिसत नव्हती. अकराच्या सुमाराला आवाज झाला. सुरुंगासारखा नव्हे, गाडीतून धोंडे ओततात तसा, फक्त थांबत नव्हता. नरहरी शेडमधून बाहेर धावला तेव्हा कड्याचा एक मोठा लचका खाली आला होता आणि धुळीत काही दिसत नव्हतं. टोळीतली जी माणसं कडेला होती ती वाट फुटेल तिकडे पळाली होती.

धुळीतून महादू आला. डोकं फुटलेलं, एक हात खांद्यापासून लोंबत असलेला. नरहरीने त्याला कमरेत धरलं.

"आत कोण आहे? महादू, कोण कोण आहे आत?"

"नागोराव," महादू म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला. "मारुतीचा भाऊ. भिका हाय... भिकाची बायको, साखरबाई." एवढं बोलून तो मटकन खाली बसला.

नरहरीच्या खिशात दारूच्या पावत्यांचं बुक होतं. त्याने एका पावतीच्या पाठीवर, उभ्या उभ्या मांडीवर टेकवून, पेन्सिलीने लिहिलं : 'दरडीखाली नागोराव, मारुतीचा भाऊ, भिका व त्याची बायको साखरबाई.' अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं. पुढे आकडा घालावा, एकाखाली एक नावं लिहावीत, हे सुचलं नाही. नागोरावला तो हजेरीपटावरून ओळखत होता, त्यामुळे त्याच्या डोक्यात चार माणसं होती आणि कागदावरही चारच आहेत असं तो धरून चालला.

गुप्ते धापा टाकत आले. त्यांनी कागद घेतला, नजर फिरवली आणि खिशात घातला. "महादूला ट्रकमध्ये घाला. बोईसर स्टेशनवरून साइटला फोन करा, क्रेन आणि माणसं मागवा. मग तसेच पालघरला जा. महादूला दवाखान्यात ठेवा, पोलिसांत आणि मामलेदार कचेरीत वर्दी द्या. पळा!"

नरहरीने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. स्टेशनमास्तरने फोन लावून दिला. पालघरपर्यंत महादूचं डोकं त्याने मांडीवर धरलं होतं. नरहरीच्या धोतराचा पुढचा सगळा भाग रक्ताने कडक झाला. दवाखान्यात डॉक्टरांची वाट पाहावी लागली, कचेरीत अव्वल कारकुनाची. पालघरला प्रत्येक ठिकाणी "किती माणसं?" असं विचारलं की तो "चार" म्हणत होता. पोलिसांच्या वर्दीतही चारच लिहिलं गेलं. पण ती वर्दी पालघरला होती आणि खाण बोईसरला.

तो परत आला तेव्हा साडेपाच झाले होते. खाणीत कसलाच आवाज नव्हता. पहारी आपटत नव्हत्या, क्रेन नव्हती. शेडच्या सावलीला तीन चादरी पसरल्या होत्या आणि त्यांच्याखाली माणसं होती. एका चादरीतून साखरबाईचे पाय बाहेर आले होते. नरहरीने चादरी पुन्हा मोजल्या. तीन चादरी पुन्हा काय मोजायच्या, पण त्याने मोजल्या.

खडीच्या ढिगाशी रत्नाबाई बसली होती. ही पाट्या वाहणारी, पन्नाशीची, मारुतीच्याच मुलखातली बाई. नरहरीला पाहून ती गुडघ्यावर हात टेकून उठली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"कुठं गेला व्हता तुमी? आजून एक हाय आत. मारुतीचा भाऊ हाय. म्या समद्यांला सांगितलं, कुनी आयकंना."

"गुप्तेसाहेबांना सांगितलंत?"

"पाय धरले त्यांचे. त्यांनी खिशातनं कागद काढला. म्हनले, ह्ये बघ, तिघं लिवल्यात, तिघं निघाले. म्या म्हनलं, आन् मारुतीचा भाऊ? तर कागदावर बोट ठिवलं. म्हनले, त्योच की ह्यो, नागोराव. म्या म्हनलं, न्हाई ओ साहेब, नागोराव त्येचा कुनी लागत न्हाई. तर म्हनले, कागदावर लिवलंय. मला काय वाचता येतंय? कागदाम्होरं म्या काय बोलू?"

नरहरी शेडकडे धावला. गुप्ते बादलीत हात धूत होते. त्यांची दोन नखं उखडलेली होती. दुपारभर तेही दगड उचलत होते.

"साहेब, चार होते."

गुप्त्यांनी वर पाहिलं. ओल्या हातानेच खिशातून पावती काढली आणि त्याच्यापुढे धरली. "चार कुठे? तुम्हीच लिहिलंय. 'नागोराव, मारुतीचा भाऊ,' दोन्हीकडे स्वल्पविराम. मधले शब्द आधीच्या नावाचे. तुम्हीच शिकवलंत ना मला? आणि पुढे भिकाची बायकोसुद्धा तशीच, ओळखीसकट लिहिलीत. मी तीनच वाचले, सावे. कुणीही तीनच वाचले असते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. 'माझी चूक नाही असं म्हणा' अशी काहीतरी विनवणी त्यात होती. नरहरीने स्वतःचं अक्षर दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचलं. नियमाला धरून पाहिलं तर गुप्ते म्हणत होते ते बरोबर होतं. वाक्यात कुठे चूक नव्हती. फक्त त्यात एक माणूस नव्हता.

"पण रत्नाबाई सांगत होती तुम्हाला."

"सांगत होती. रडत होती, लोकांना ओढत होती. वरचा कडा कुरकुरत होता आणि साइटवरून आलेली बारा माणसं खाली होती. चार वाजता तिसरा निघाला, तेव्हा मी त्यांना वर काढलं आणि क्रेन परत पाठवली. आणखी बारा मारायला हवे होते का मी?" ते थांबले. "तिच्यावर मी विश्वास ठेवला नाही. तुमच्या कागदावर ठेवला."

मग दोघंही एकदम दरडीकडे निघाले. रत्नाबाई मागून आली, आणि टोळीतली परतलेली चार-पाच माणसंही. ढीग घराएवढा होता. नरहरी एका फटीशी ओणवा झाला आणि हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हाक काय मारायची हेच त्याला माहीत नाही.

"नाव काय त्याचं?" त्याने मागे वळून विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. तीन दिवसांचा पाहुणा. रत्नाबाई म्हणाली, "मारुती त्येला बाळ्या म्हनायचा का शिवा म्हनायचा... म्या नीट आयकलं न्हाई." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"ए भाऊ!" नरहरी ओरडला. "मारुतीच्या भावा! ऐकू येतंय का? दगड आपट!"

सगळे श्वास धरून उभे राहिले. एका माणसाला वाटलं आतून काही वाजलं. रत्नाबाई म्हणाली, वाजलं, शपथ घेते वाजलं. नरहरीला काही ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि ते काय होतं ते ठरवता आलं नाही. त्यांनी पहारी घेतल्या. दिवस मावळायला तासभर उरला होता. वरचे धोंडे बाजूला होत होते, पण मधला मोठा चिरा सहा माणसांनी हलत नव्हता. उजेड गेला तसा वरून पुन्हा मुरूम ओघळला, एक धोंडा गडगडत येऊन एकाच्या पायावर आपटला, आणि गुप्त्यांनी एकेकाला हाताला धरून मागे ओढलं. ते स्वतः ट्रक घेऊन साइटवर गेले. इंजिनियरने सांगितलं, अंधारात त्या कड्याखाली क्रेन नेणार नाही, पहाटे पाठवतो. गुप्त्यांनी तिथे आवाज चढवला, हात जोडले, असं पुढे ड्रायव्हरने सांगितलं. उपयोग झाला नाही.

नरहरी घरी गेला नाही. रत्नाबाई आणि तो ढिगाशी बसून राहिले आणि मधूनमधून आळीपाळीने हाक मारत राहिले.

शुक्रवारी क्रेन आली, चिरा उचलला गेला, आणि साडेनऊच्या सुमाराला मारुतीचा भाऊ सापडला. दोन धोंडे एकमेकांवर रेलून मध्ये कोनाड्यासारखी जागा झाली होती, तिच्यात तो बसलेला होता. डावा पाय मांडीपर्यंत दगडाखाली. मुंडासं सोडून त्याने ते पायाला, दगडाच्या वर, घट्ट आवळून बांधलं होतं. उजव्या हातात मुठीएवढा दगड होता. शेजारच्या धोंड्यावर, हात पोचेल तेवढ्या जागेत, आपटून आपटून पांढरे डाग पडले होते.

पंचनाम्यासाठी पालघरहून डॉक्टर आले होते. त्यांनी माणूस तपासला आणि हात पुसत हवालदाराला हळू सांगितलं, "याला जाऊन फार वेळ झालेला नाही." नरहरी जवळच उभा होता. त्याने विचारलं, "म्हणजे किती वेळ?" डॉक्टरांनी त्याच्याकडे, त्याच्या रक्ताळलेल्या धोतराकडे पाहिलं. "ते नेमकं सांगता येत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही विचारू नका."

दुपारी बाराला वाळूचा ट्रक आला. मासवणला ट्रकचा पाटा तुटला म्हणून तो एक दिवस अडकला होता. खाणीवरची बातमी तिथपर्यंत पोचली नव्हती. मारुती वाळूवर बसूनच आला. गर्दी बघून त्याने वरून उडी टाकली आणि ओळखीचा माणूस म्हणून सरळ नरहरीकडे आला.

"काय झालं, साहेब? शिवाजी कुठाय?"

असं ते नाव नरहरीला कळलं.

तिघांना आधीच अग्नी दिला होता. शिवाजीला संध्याकाळी दिला, टेकडीमागच्या ओढ्याकाठी. सगळे पांगल्यावर मारुती चितेपासून थोडा दूर दगडावर बसून राहिला. नरहरी त्याच्या शेजारी खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. महादूने काय सांगितलं, आपण काय लिहिलं, गुप्त्यांनी ते कसं वाचलं. काडीने मातीत वाक्य लिहून, कुठे स्वल्पविराम दिला आणि त्याने काय झालं, तेही दाखवलं. त्याला वाटत होतं, हे समजलं की मारुती आपल्याला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. मारुती मातीतल्या अक्षरांकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "बुधवारी म्या त्येला तुमच्याम्होरं उभा केला व्हता."

"हो."

"तुमी त्येचं नाव का न्हाई इचारलं?"

नरहरीने मातीतलं वाक्य हाताने पुसून टाकलं. मारुती उठला आणि ओढ्यात जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. साइटच्या कचेरीत एका लांब टेबलामागे तीन अधिकारी बसले होते. त्यांतल्या एकाला मराठी येत नव्हतं, म्हणून पावतीवरच्या ओळीचं इंग्रजी करून टंकून आणलं होतं. त्या इंग्रजीत संशयाला जागाच उरली नव्हती. तिथे नागोराव हा सरळ मारुतीचा भाऊ होता. दुसरा अधिकारी पुण्याकडचा होता. त्याने मूळ पावती मागून घेतली आणि म्हणाला, व्याकरणाने पाहिलं तर तीन होतात, पण मजुरांची नावं घाईत लिहिताना कुणी एवढं व्याकरण पाळत नसतं, तेव्हा चारही होऊ शकतात. तिसऱ्याने विचारलं, "मग ओव्हरसियरने काय समजायचं?" यावर त्यांच्यात पाऊण तास वाद झाला. समास काय, विशेषण काय, नामानंतर आलेली ओळख काय. एक जण टेबलावर बोट नाचवून उदाहरणं देत होता. चहा आला, कप उचलले गेले. दाराजवळच्या बाकावर रत्नाबाई आणि मारुती बसले होते आणि ही माणसं इतका वेळ कशाबद्दल बोलत आहेत ते त्यांना कळत नव्हतं. रत्नाबाईने एकदा उठून सांगितलं, "म्या त्या दिशीच सांगितलं व्हतं, चौथा हाय म्हून." "तुमचा जबाब झाला आहे, बाई," असं म्हणून तिला खाली बसवलं.

नरहरीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चूक माझी आहे. मला चार सांगितले होते. मी लिहिताना एक घालवला."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"मग ती चूक नव्हे, संदिग्धता आहे," पुण्याकडचा अधिकारी म्हणाला, जवळजवळ प्रेमाने.

निकाल तसाच आला. यादी संदिग्ध होती. तीवर विसंबून ओव्हरसियरने घेतलेला निर्णय त्या परिस्थितीत गैर म्हणता येत नाही. कारकुनाचा हेतू शुद्ध होता. यापुढे अशा प्रसंगी नावं अनुक्रमांक घालून लिहावीत. गुप्त्यांची बदली झाली. जाताना ते शेडमध्ये आले आणि उगाच टेबलावरची दौत सरळ करत म्हणाले, "ती म्हातारी माझ्या स्वप्नात येते, सावे. कागद दाखवते मला." आठवड्याने नरहरीनेही नोकरी सोडली.

शिरगावला तो दिवसभर वाडीत राबू लागला. बाप, विश्राम, कमी बोलणारा माणूस. त्याने एकदाच विचारलं, "तू परत जावाचा नाय काय?" नरहरीने नाही म्हटल्यावर बापाने पुन्हा विषय काढला नाही. गावात कुणाला अर्ज, पत्र लिहून हवं असलं तर लोक पूर्वी त्याच्याकडे येत. आता तो हात दुखतो म्हणून सांगे. काही दिवसांनी लोक यायचे बंद झाले.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मारुती वाडीत आला. पालघरपासून चालत आला होता. विश्रामने त्याला केळीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. मारुतीने बंडीच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं, घामाने मऊ झालेलं.

"मायचं हाय. झाले धा-पंधरा रोज. वाचून दावा."

"इतके दिवस कुणाकडून वाचून नाही घेतलंस?"

"न्हाई."

नरहरीने हात पुसून कार्ड घेतलं. गावच्या मास्तराने लिहिलेलं होतं, एप्रिलच्या एक तारखेचं. त्याने हळू वाचलं. "चिरंजीव मारुतीस आईचा आशीर्वाद. शिवाजी सुखरूप पोचला का ते कळवणे. त्याला उंचावरच्या कामाला लावू नये, त्याला घेरी येते. खालचे काही काम बघावे. त्याची बायको बरी आहे. दोघे भाऊ एका ठिकाणी जेवत जा."

मारुती ऐकत होता. वाचून झाल्यावरही तो ऐकत असल्यासारखा बसून राहिला.

"म्हणजे घरी अजून कळवलं नाहीस?" नरहरीने विचारलं.

"कुनाकडनं कळवू? तुमी लिवा. कोरं कार्ड आनलंय म्या."

"मी नको, मारुती. मी लिहीत नाही आता. पोस्टात लिहून देणारे असतात, त्यांच्याकडे..."

"त्येंला समदं पयल्यापासनं सांगावं लागंल," मारुती म्हणाला. "तुमाला ठाव हाय."

नरहरी घरात जाऊन टाक आणि दौत घेऊन आला. पाट पालथा घालून त्यावर त्याने कार्ड ठेवलं. मायना लिहिला आणि थांबला. मारुती उकिडवा बसून, जमिनीकडे बघत सांगू लागला.

"लिवा, खानीत दरड पडली. त्यात शिवा गेला. लगीच गेला. त्येला काय कळलंबी न्हाई."

टाक कार्डावर टेकला, पण पुढे सरकेना. नरहरीने वर पाहिलं. मारुतीचे डोळे कोरडे होते.

"लिवा, साहेब."

नरहरीने लिहिलं. पुढे मारुतीने सांगितलं, रीतीप्रमाणे सगळं केलं, गावाकडची मानसं हजर व्हती, त्येच्या बायकोला तिच्या भावाकडं पाठवू नका, म्या पावसाच्या आधी येतो. कार्ड भरलं. मारुतीने ते दोनदा वाचून घेतलं. 'लगेच गेला' हे आलं की तो दोन्ही वेळा मान हलवत होता, जणू हे त्याला दुसरा कुणी सांगत होता.

विश्रामने जेवून जा म्हटलं, पण मारुती थांबला नाही. पोस्टाची पेटी कुठे आहे एवढं त्याने विचारलं. नरहरी त्याच्याबरोबर गेला. पेटी गावच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या भिंतीला होती. मारुतीने कार्ड आत टाकलं आणि फटीत दोन बोटं घालून ते खाली पडलंय का ते चाचपलं.

"पोचंल ना?"

"पोचेल. चार-पाच दिवस लागतील."

"बरं," मारुती म्हणाला. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, आणि मग पालघरच्या वाटेला लागला.